छापखान्याचा आराखडा

छापखाना काढण्याचें मनांत येतांच बहुतेकांचें लक्ष प्रथम यंत्राकडे जातें. वस्तुतः पहिला प्रश्न निराळा आहे. आपल्याकडे कोण काय छापावयास आणणार, आणि त्याचे पैसे केव्हां देणार? याचें उत्तर आंकड्यांनिशीं कागदावर मांडणें, यासच धंद्याचा आराखडा म्हणतात.

या बाबतींत जावजी दादाजी यांचें चरित्र मननीय आहे. लहानपणीं मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत ते टाइपाचे खिळे घासण्याचें काम करीत. पुढें १८६४ सालीं त्यांनीं टाइपाचा कारखाना काढला, आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. हा क्रम लक्षांत घ्यावा. ज्या मालावांचून खिळ्यांच्या छपाईंत एक पानही छापतां येत नसे, तो माल आधीं हातीं आला. शिवाय निर्णयसागर पंचांगासारखी वस्तु दरवर्षीं नव्यानें लागते. गिऱ्हाईक आपण होऊन परत येतें.

आतां एक उदाहरण घेऊं. एका पुस्तिकेच्या अक्षरजुळणीस व प्लेटांस २००० रुपये, आणि कागद, शाई व बांधणी यांस प्रतीमागें ६ रुपये पडतात असें समजा. ५०० प्रतींस एकूण ५००० रुपये, म्हणजे प्रतीस १० रुपये. १००० प्रतींस ८००० रुपये, म्हणजे प्रतीस ८ रुपये. आतां हजार प्रतींचा हा ८ रुपयांचा दर जो पांचशें प्रतींस सांगेल, त्याचे एका कामांत १००० रुपये बुडतील.

जागेचें भाडें, कामगारांचे पगार व कर्जाचा हप्ता यांचा खर्च यंत्र बंद असलें तरी थांबत नाहीं. लग्नसराईंत व दिवाळीपूर्वीं कामाची गर्दी, एरवीं मंदी. त्यांत कागदवाल्यास रोख द्यावे लागतात आणि गिऱ्हाईक दोन महिन्यांनीं देतें. वहींत नफा दिसत असतांही पेटी रिकामी राहते ती यामुळेंच. म्हणून निदान कांहीं महिन्यांचा खर्च भागेल इतकें खेळतें भांडवल आराखड्यांत निराळें दाखविलें पाहिजे.

पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलाच्या धंद्यासाठीं घरांतील दागिना गहाण ठेवण्यापूर्वीं त्याच्याकडून हा कागद मागून घ्यावा. विद्यार्थ्यांनीं गांवांतील एखाद्या छापखान्यांत जाऊन एकाच पत्रिकेचे १००, ५०० व १००० प्रतींचे दर विचारावे, आणि त्यांत पहिला खर्च किती व प्रतीमागचा किती, हें स्वतः काढून पाहावें. ज्यास हें गणित साधलें, त्याच्या हातांत आराखड्याची किल्ली आली असें आम्ही समजूं.