वैद्यकीय तंत्रज्ञानातील एम.टेक. : एक दुर्लक्षित वाट

आजच्या विज्ञानयुगात आपली मुले-मुली इंजिनिअरिंगच्या पदवीपर्यंत पोहोचली आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु पदवी हाती आल्यावर पुढे काय, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. संगणकाची नोकरी किंवा स्पर्धा परीक्षा यांपलीकडे आपली नजर सहसा जात नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर व पेशाने बँकेतील कारकून. तरीही शैक्षणिक कर्जाचे अर्ज हाताळताना ज्या एका अभ्यासक्रमाविषयी आमचे कुतूहल वाढले, त्याची माहिती विद्यार्थी व पालकांसाठी येथे देत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. 'मेडिकल टेक्नॉलॉजी' म्हटले की रक्त-लघवी तपासणारा किंवा एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ डोळ्यांसमोर येतो. ते काम मोलाचेच आहे, पण त्याचे शिक्षण वेगळे. एम.टेक. पातळीवर यंत्र चालविण्यापेक्षा ते घडविणे, पारखणे व रुग्णाला त्यापासून इजा होणार नाही याची खात्री करणे शिकावे लागते.

एका झडपेची कहाणी

हे शिक्षण म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गावर वेळीच उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना रुमॅटिक ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात. दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांत हा रोग अधिक. अशा वेळी अनेकदा झडप बदलावी लागते, पण परदेशी झडपेची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर. तेव्हा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन आणि अभियंते जी. एस. भुवनेश्वर यांच्या चमूने देशी झडप बनविण्याचे मनावर घेतले.

काम सोपे नव्हते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर हृदय दिवसाला एक लाखाहून अधिक आणि वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा धडधडते. तितक्याच वेळा झडप उघडली-मिटली पाहिजे. ती झिजता कामा नये, तडकता कामा नये आणि तिच्यावर रक्ताची गुठळीही धरता कामा नये. आधीचे नमुने या कसोटीला उतरले नाहीत. नीलमासारख्या कठीण पदार्थाची चकतीसुद्धा प्राण्यांवरील चाचणीत फुटली. शेवटी विशिष्ट प्रकारच्या चिवट पॉलिएथिलीनची चकती यशस्वी ठरली. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथमच रुग्णाच्या हृदयात बसविली गेली. आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना तिचा लाभ झाला आहे.

या कामाला एकटा डॉक्टर पुरा पडला नसता व एकटा इंजिनिअरही नाही. दोघांच्या मधली ही जागा भरणे, हेच या शिक्षणाचे प्रयोजन.

अभ्यासक्रम व प्रवेश

मुंबईच्या आय.आय.टी.त बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे एम.टेक. आहे. साधारणपणे असा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्यात शरीरक्रिया, जैवपदार्थ, हृदय व मेंदूचे विद्युतसंकेत, सी.टी.-एम.आर.आय.सारखी प्रतिमातंत्रे असे विषय येतात आणि पुढे प्रबंधाचे काम असते. खरगपूरच्या आय.आय.टी.त एम.बी.बी.एस. झालेल्यांसाठी याच क्षेत्रातील तीन वर्षांचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मद्रासची आय.आय.टी., वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व श्री चित्रा संस्था यांनी मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचे शिक्षण उभे केले. तेथे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष रुग्णालयात काम करावे लागते.

एम.टेक.चा प्रवेश मुख्यतः 'गेट' परीक्षेतून होतो. २०२० पासून त्यात बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल अशा शाखांच्या विद्यार्थ्यांनाही वाट मोकळी असते, मात्र कोणत्या संस्थेत कोणता पेपर चालतो हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट पाहावे.

भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी उपकरणांचे जोखमीनुसार अ, ब, क, ड असे चार वर्ग केले. त्यामुळे कारखान्यांना चाचणी, गुणवत्ता व परवान्याची कागदपत्रे जाणणारी माणसे लागतात. मोठ्या रुग्णालयांतही यंत्रांची निवड व देखभाल करण्यासाठी अशा इंजिनिअरांची गरज असते.

पैशाचा हिशेब

येथे आमचा बँकेचा अनुभव उपयोगी पडावा. 'गेट'मधून प्रवेश मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. म्हणून कर्जाच्या अर्जाआधी विद्यावेतन व फी-सवलतीची चौकशी करावी. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही आणि शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात. पण तोवर व्याज थांबत नाही, हे पालकांनी पक्के लक्षात ठेवावे. तसेच भरमसाट फी घेणाऱ्या संस्थेत नाव घालण्यापूर्वी तिच्या प्रयोगशाळेत कोणती यंत्रे आहेत आणि कोणत्या रुग्णालयाशी तिचा संबंध आहे, हे स्वतः जाऊन पाहावे.

विद्यार्थी मित्रांनो, वीज गेल्यावर आरोग्यकेंद्रातले यंत्र कसे बंद पडते आणि एका तपासणीसाठी म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला कसे हेलपाटे घालावे लागतात, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे. ही जाण कोणत्याही महाविद्यालयात विकत मिळत नाही. तिला शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड द्या. ज्याने गरज भोगली आहे, त्यानेच ती भागविणारे यंत्र घडवावे, एवढीच आमची अपेक्षा.