संगणक मंदावतो तेव्हा : अँटिव्हायरस बंद करण्यापूर्वी

स्मरणिकेसाठी संगणकावर काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा प्रथम मनात आले की संगणकाचे युग, संगणकाचे महत्त्व यांवर आता लिहिण्यासारखे काय उरले आहे? ते सर्वांना पटलेलेच आहे. त्याऐवजी अभ्यासिकेत येणारी मुले-मुली ज्या एका अडचणीने वारंवार हैराण होतात, तिच्याविषयीच लिहावे असे ठरविले. अडचण अशी की, संगणक सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे तो काही ऐकतच नाही. माऊस हलतो, पण खिडकी उघडत नाही. डब्यातून सारखा घरघर आवाज येत राहतो. आणि मग कोणीतरी जाणकार असल्याच्या थाटात सांगतो, "अँटिव्हायरस बंद कर, मग बघ कसा पळतो!"

हा सल्ला अर्धा खरा आहे, म्हणूनच तो अधिक घातक आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. एक मुलगी आईला घेऊन दुपारी आली. आईने कामावर अर्धा दिवस खाडा केला होता. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका सारे पेन ड्राईव्हवर होते, पण संगणक काही केल्या फाईल उचलेना. तेथे बसलेल्या एका मुलाने मदतीच्या भावनेनेच म्हटले, "थांब ताई, मी अँटिव्हायरस बंद करतो." त्याने तो बंद केला आणि खरोखरच दहा मिनिटांत अर्ज भरून झाला. माय-लेकी समाधानाने घरी गेल्या. अँटिव्हायरस मात्र पुन्हा सुरू करायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. पुढच्या आठवड्यात कोणा एकाच्या पेन ड्राईव्हमधून व्हायरस आत आला, आणि त्यानंतर ज्याने ज्याने पेन ड्राईव्ह लावला त्याचे फोल्डर नाहीसे होऊन त्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसू लागले. एका विद्यार्थ्याच्या तीन वर्षांच्या टिपणांचा त्यात समावेश होता. मी रागावलो, पण कोणावर रागवावे हे मलाच कळेना. त्या मुलाने त्या दिवशी अर्ज वाचविला होता.

(त्या टिपणांचे काय झाले ते आधीच सांगून टाकतो. असा व्हायरस बहुधा फाईली नष्ट करीत नाही, फक्त लपवितो. शॉर्टकटवर क्लिक करू नये, कारण त्यामुळे व्हायरसच पुन्हा चालू होतो. प्रथम अँटिव्हायरसने पेन ड्राईव्ह तपासून घ्यावा. नंतर लपविलेल्या व संरक्षित फाईली दाखविण्याची सोय चालू करावी, म्हणजे मूळ फोल्डर अंधुक रूपात दिसू लागतात. ‘अ‍ॅट्रिब’ या जुन्या डॉस आज्ञेने त्यांच्यावरील लपविल्याची खूण पुसता येते. टिपणे परत मिळाली.)

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अँटिव्हायरसमुळे संगणक मंद का होतो? सोसायटीच्या फाटकावरील रखवालदार डोळ्यांसमोर आणा. येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून पाहायची, अशी त्याला ताकीद आहे. अँटिव्हायरसचा एक भाग नेमका असाच विंडोजच्या आणि फाईलींच्या मध्ये उभा असतो. तुम्ही एक फाईल उघडली की ती तुमच्या हाती येण्यापूर्वी तो ती वाचतो, ज्ञात व्हायरसांच्या खुणांशी ताडून पाहतो, संशय आला तर तिचे वर्तन तपासतो, आणि मगच सोडतो. बहुतेक प्रणाली एकदा तपासलेली फाईल लक्षात ठेवतात, म्हणजे दुसऱ्या वेळी खोळंबा कमी होतो. परंतु नव्या खुणांची यादी उतरवून घेतल्यानंतर जुन्या फाईली पुन्हा पाहाव्या लागतात. झिप फाईल म्हणजे पिशवीत पिशवी. ती सोडवून आतील प्रत्येक वस्तू पाहावी लागते. डेस्कटॉपवर जुन्या बॅकअपच्या मोठाल्या झिप फाईली साठविण्याची सवय असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

यात खरी गोम आहे ती हार्ड डिस्कची. देणगीत मिळालेल्या जुन्या संगणकांत बहुधा फिरत्या तबकडीची डिस्क असते. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९० फेरे. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा सुमारे एकशेऐंशीवा भाग थांबावे लागते. शिवाय टोक सरकायला वेळ लागतो तो वेगळाच. त्यामुळे विखुरलेल्या लहान लहान फाईली अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतच वाचू शकते. एसएसडीला फिरणारे काहीच नसल्याने ती हजारोंनी वाचते. म्हणजे एकच अँटिव्हायरस एका यंत्रावर जाणवतही नाही आणि दुसऱ्याला गुडघे टेकायला लावतो. रॅम ४ जीबी असेल तर संकट दुहेरी. जागा न पुरल्याने विंडोज स्मृतीतील मजकूर त्याच बिचाऱ्या डिस्कवर ठेवू लागते. माझे स्पष्ट मत असे की, जुन्या यंत्रासाठी महागडा अँटिव्हायरस घेण्यापेक्षा त्याच पैशांत लहानशी एसएसडी बसवून घ्यावी.

पण असे निदान अंदाजाने करू नये. ताप मोजल्याशिवाय औषध देऊ नये, तसेच हेही आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. रकान्याच्या नावावर क्लिक केले की सर्वांत जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे लांबलचक नाव वर दिसले तर तो विंडोजमधील मायक्रोसॉफ्ट डिफेंडर होय. पुष्कळ जण त्यालाच व्हायरस समजून बंद करू पाहतात! दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर तिचे नाव दिसेल. आणि कित्येकदा असे आढळते की अँटिव्हायरस बिचारा खाली स्वस्थ आहे आणि वर विंडोजची अद्ययावत करण्याची प्रक्रिया किंवा शोधयादी बनविण्याचे काम चालू आहे. अशा वेळी पंधरा मिनिटे वाट पाहणे हाच उपाय.

आमच्या त्या संगणकावर मी हे पाहिले तेव्हा कारण लगेच सापडले. त्यावर एक नव्हे, दोन अँटिव्हायरस होते. एक कोणीतरी विकत घेऊन टाकलेला, मुदत संपलेला. दुसरा कोणत्या तरी मोफत प्रोग्रॅमबरोबर न विचारता आत शिरलेला. फाटकावर दोन रखवालदार, आणि पहिल्याने उघडलेली पिशवी दुसरा पुन्हा उघडणार. पहिल्याने फाईल वाचायला घेतली की ती उघडली गेली म्हणून दुसरा धावणार. दोन कुलुपे लावली म्हणजे घर दुप्पट सुरक्षित, हा हिशेब येथे चालत नाही. शिवाय मुदत संपलेल्याकडे नव्या व्हायरसांची यादी येत नव्हती. वजन दोघांचे, राखण कोणाचीच धड नाही.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, संपूर्ण अँटिव्हायरस विंडोजमध्येच अंतर्भूत आहे. दुसरा कोणताही रीतसर बसविला की तो आपले सतत पहाऱ्याचे काम आपण होऊन थांबवितो, आणि दुसरा काढून टाकला की पुन्हा उभा राहतो. म्हणून मी दोन्ही काढले. काढताना कंट्रोल पॅनेलमधून काढूनही काही अवशेष मागे राहतात. त्यासाठी बहुतेक कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावर साफ काढून टाकणारे छोटे साधन देतात, ते वापरावे. एवढ्यानेच त्या यंत्राचा वीस मिनिटांचा खोळंबा पाच मिनिटांवर आला.

उरलेली पाच मिनिटे वेळापत्रकाची होती. अँटिव्हायरस संपूर्ण संगणकाची ठराविक काळाने तपासणी करतो. विंडोजची देखभालीची मूळ वेळ रात्री दोनची आहे. ज्याचा संगणक रात्रंदिवस चालू असतो त्याला हे सोयीचे. पण आपल्याकडे वीज वाचवायची म्हणून रात्री बटण भिंतीवरूनच बंद होते. मग राहिलेले काम दुसऱ्या दिवशी, संगणक जरा मोकळा दिसला की सुरू होते, आणि नेमके त्याच वेळी कोणीतरी अर्ज भरायला बसतो. टास्क शेड्यूलर उघडून मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर या क्रमाने गेले की ‘शेड्यूल्ड स्कॅन’ मिळतो. त्याची वेळ आपल्याला सोयीची ठेवावी. आम्ही ती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ठेवली आहे. ठरलेल्या तपासणीने सीपीयूचा सरासरी किती भाग वापरावा याची मर्यादाही असते. डिफेंडरमध्ये ती मुळात ५० टक्के असून ती कमी करता येते. कमी केली तर तपासणी लांबते, पण कामात अडथळा कमी येतो. आपण स्वतः हाताने सुरू केलेल्या तपासणीला मात्र ही मर्यादा सहसा लागू होत नाही, म्हणून शेवटच्या तारखेच्या दिवशी ‘फुल स्कॅन’चे बटण दाबण्याचा उत्साह दाखवू नये.

आणखी एक सोय म्हणजे वगळणूक. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंगमध्ये तळाशी ‘एक्सक्लूजन्स’ असते. तेथे दिलेल्या फोल्डरकडे पहारेकरी पाहत नाही. दुकानाच्या हिशेबाच्या प्रणालीचा डेटा फोल्डर, जो सेकंदागणिक लिहिला-वाचला जातो, तो वगळल्याने फरक पडतो. पण मी असेही पाहिले आहे की कोणीतरी संपूर्ण सी ड्राईव्हच वगळून ठेवला आणि ‘संगणक वेगवान केला’ म्हणून तीनशे रुपये घेऊन गेला. डाऊनलोड्सचा फोल्डर आणि पेन ड्राईव्ह कधीही वगळू नयेत. दुरुस्तीला दिलेला संगणक परत आला की ही यादी आपण स्वतः उघडून पाहावी.

दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो असेही नाही. फायरफॉक्स ब्राउझर वापरताना डिफेंडर फार सीपीयू खातो, अशी तक्रार २०१८ पासून नोंदलेली होती. लोकांना वाटे आपलाच संगणक जुना. अखेर मोझिलाच्या अभियंत्यांनी बारकाईने शोधले तेव्हा कळले की, डिफेंडर त्या ब्राउझरच्या स्मृतीविषयक हालचालींची नोंद ठेवताना अनावश्यक काम करीत होता. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली आणि फायरफॉक्स चालू असतानाचा डिफेंडरचा सीपीयू वापर मोझिलाच्या मोजणीत सुमारे ७५ टक्क्यांनी उतरला. पाच वर्षे लाखो लोकांनी निमूटपणे सोसले. म्हणून अँटिव्हायरस अद्ययावत ठेवावा. त्यात नव्या व्हायरसांची यादीच नव्हे, अशा चुकांची दुरुस्तीही येते.

अद्ययावत करण्यातही चुका होतात, हे लपविण्यात अर्थ नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका नव्या यादीने विंडोज एक्सपीची स्वतःची अत्यावश्यक फाईलच व्हायरस ठरविली आणि जगभर असंख्य संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होत राहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष फाईलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली, विमाने खोळंबली. रखवालदाराच्या हाती घराच्या किल्ल्या असतात. तो चुकला की घरधन्यालाच बाहेर उभे राहावे लागते. त्यासाठी महत्त्वाच्या दाखल्यांची एक प्रत संगणकाबाहेर असलीच पाहिजे.

हे सारे शास्त्र परदेशातच घडले असे मात्र विद्यार्थ्यांनी समजू नये. पुण्यात कैलास काटकर हे कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करीत. दुरुस्तीला येणारी यंत्रे व्हायरसने बिघडलेली असत. संगणकाचे शिक्षण घेतलेले धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर उपाय करणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि १९९० च्या दशकात त्यातूनच क्विक हील उभे राहिले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. दुरुस्तीच्या टेबलावर समोर आलेली अडचण नीट पाहणे, एवढ्यावरून सुरुवात झाली होती.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी केवळ अँटिव्हायरसवर विसंबू नये. भिंतीला भगदाड असेल तर फाटकावरचा माणूस काय करणार? यंत्रात बसत असेल तर विंडोज ११ घ्यावे, नसेल तर लिनक्सचा विचार करावा. अर्ज भरण्यासाठी आणि टंकलेखनासाठी तो पुरेसा आहे.

सर्व फेरफार झाल्यावर पहारा खरोखर चालू आहे ना, हे तपासण्याची एक निरुपद्रवी युक्ती आहे. ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची चाचणी फाईल त्याच नावाच्या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. ती व्हायरस नाही, पण सर्व अँटिव्हायरसांनी तिला व्हायरस मानावे असा संकेत आहे. ती उतरवून घेताच ओरड झाली पाहिजे. आमच्या अभ्यासिकेत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही चाचणी होते, आणि ती करण्याचे काम ज्याने त्या दिवशी अँटिव्हायरस बंद केला होता त्या मुलाकडेच दिले आहे. भिंतीवरील वहीत तो तारीख लिहितो, पुढे ‘ओरडला’ असे लिहून सही करतो. मागच्या पावसाळ्यात एकदा त्याने ‘ओरडला नाही’ असे लिहिले होते. पाहिले तर कोणीतरी गेम खेळण्यासाठी पहारा बंद केला होता.