या गोष्टीत मी कोण?
वाचन : २ शमुवेल १२:१-७ व मत्तय २५:३१-४६



खऱ्या जीवनावरचे चित्रपट आपण आवडीने पाहतो. अनंत महादेवन यांचा 'मी सिंधुताई सपकाळ' (२०१०) हा त्यांपैकीच एक. तरुण सिंधुताई तेजस्विनी पंडित यांनी साकारली, तर उतारवयातील सिंधुताई त्यांच्या आई ज्योती चांदेकर यांनी.

वर्धा जिल्ह्यातील गरीब घरची ही मुलगी. लग्न लहानपणीच झाले. शेण गोळा करणाऱ्या बायकांना मजुरी मिळावी म्हणून ती बोलली आणि गावातल्या बड्या माणसाचा राग तिने ओढवून घेतला. तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाले. भरल्या दिवसांत नवऱ्याने तिला मारून हाकलले. गोठ्यात लेक जन्मली. माहेरी गेली तर आईनेही घरात घेतले नाही. रेल्वेत गाणी म्हणत, भीक मागत ती जगली आणि अनाथ लेकरांची माय झाली. २०२१ साली तिला पद्मश्री जाहीर झाली. ४ जानेवारी २०२२ रोजी माईंनी देह ठेवला.

गोठ्यातला तो जन्म पाहताना मला बेथलेहेम आठवले. डोळे भरून आले. पण डोळे पुसल्यावर पुढे काय?

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेतली. दावीद संतापला, त्या श्रीमंताला शिक्षा द्यायला निघाला. तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस! गोष्ट ऐकताना दावीद न्यायाधीशाच्या जागी बसला होता, पण त्याची खरी जागा वेगळीच होती.

आपणही चित्रपट पाहताना सिंधुताईच्या बाजूला बसतो. पण तिच्या कहाणीत दार लावून घेणारेही आहेत, अफवा पसरवणारे आहेत आणि बघत उभे राहिलेले शेजारी आहेत. आपली जागा बहुधा त्यांच्यातच असते. कौतुक करणे सोपे असते. "ती थोर होती, आपल्याला कुठे जमणार?" असे म्हटले की आपण मोकळे!

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मागे म्हातारी माणसे व लेकरे राहतात. नवऱ्याने टाकलेली लेक माहेरी आली की "लोक काय म्हणतील" हीच चिंता आधी येते. उपाशी, परका, उघडा अशा रूपांत प्रभू येशू भेटतो, असे मत्तयचे शुभवर्तमान शिकवते. मग त्या लेकीसाठी लावलेले दार कोणासाठी लावलेले असते?

आणखी एक गोष्ट विसरू नये. तोच नवरा म्हातारपणी आसऱ्याला आला, तेव्हा माईंनी त्याला पती म्हणून नव्हे, तर लेकरू म्हणून स्वीकारले. क्षमा केली, पण जुन्या जाचात त्या परत गेल्या नाहीत. क्षमा म्हणजे अन्याय पुन्हा सोसणे नव्हे, हे घराघरांत सांगितले पाहिजे.

कुटुंबात चिंतनासाठी :
१. या कहाणीतील कोणत्या माणसात मी स्वतःला पाहतो?
२. माझे दार कोणासाठी बंद आहे?
३. या आठवड्यात मी कोणाच्या घरी जाऊन विचारपूस करीन?

प्रभू आपल्या घरांची दारे उघडी ठेवो. आमेन.

आपला धर्मगुरू