प्राणीशास्त्राचा आजचा अभ्यास आणि आपला गोठा

खानदेशात बारावी विज्ञान झालेल्या मुलाने किंवा मुलीने बी. एस्सी. ला प्राणीशास्त्र हा विषय घेतला की घरातून पहिला प्रश्न येतो, "मग तू ढोरांचा डॉक्टर होशील का?" याचे उत्तर "नाही" असे आहे आणि ते प्रवेशापूर्वीच समजून घेतलेले बरे. पशुवैद्यकाची पदवी वेगळी असून ती साडेपाच वर्षांची आहे. सन 2000 पूर्वी हे शिक्षण राज्यातील कृषी विद्यापीठांकडे होते. त्या वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले व परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील महाविद्यालये त्याकडे गेली. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 नुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. प्राणीशास्त्राच्या पदवीधराने सुई हाती घेऊ नये.

मग या शिक्षणाचा शेतकरी कुटुंबाला काय उपयोग, असा प्रश्न साहजिकच येतो. आमच्या मते उपयोग मोठा आहे. मात्र तो घरात ओळखला जात नाही.

अभ्यासात झालेला बदल

जळगाव येथे 15 ऑगस्ट 1990 रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. 2018 पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील विज्ञान महाविद्यालये या विद्यापीठास संलग्न आहेत. विद्यापीठ स्थापन झाले त्या काळी प्राणीशास्त्राचे प्रात्यक्षिक म्हणजे बेडूक, झुरळ, गांडूळ कापणे अशीच समजूत होती व ती फारशी चुकीचीही नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आणि 2014 मध्ये ते थांबविण्याबाबत कळविले. जो बेडूक शेतातील किडी खाऊन आपले काम हलके करतो, तो आता टेबलावर खिळविला जात नाही, ही चांगलीच गोष्ट झाली.

या बदलाबरोबर मेलेल्या प्राण्याची रचना पाहण्यापेक्षा जिवंत प्राण्याचे वर्तन, त्याचे परोपजीवी, रोग पसरविणारे कीटक व त्याचा परिसर यांच्या अभ्यासाला अधिक वाव मिळाला. याच सुमारास प्राणीकल्याण हे भूतदयेच्या पलीकडे जाऊन मोजता येणारे शास्त्र झाले. इंग्लंडमध्ये 1964 साली रूथ हॅरिसन यांच्या पुस्तकाने पिंजऱ्यातील कोंबड्या व वासरांच्या स्थितीकडे लक्ष वेधले आणि पुढील वर्षी ब्रँबेल समितीचा अहवाल आला. त्यातूनच पुढे पाच स्वातंत्र्यांची कल्पना रुजली : भूक व तहान, गैरसोय, वेदना व आजार, भीती यांपासून मुक्तता आणि नैसर्गिक वर्तन करण्याची मोकळीक. आपल्याकडे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा त्याही आधी, 1960 मध्ये, झाला होता.

लंपीने शिकविलेली गोष्ट

ऑगस्ट 2022 मध्ये राज्यातील लंपी त्वचारोगाची त्या साथीतील पहिली नोंद रावेर तालुक्यातील चिनावल येथे झाली. जनावरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचण्यात आली. लस देणे पशुवैद्यकाचे काम होते. परंतु हा विषाणू एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेण्यात चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांचा मोठा वाटा असतो आणि हा सर्व विषय प्राणीशास्त्राचा आहे.

गोठ्यात दोन माश्या सारख्याच दिसतात. घरमाशी चावत नाही, ती फक्त चाटते. दुसरी स्टोमॉक्सिस; तिची सोंड पुढे टोकदार निघालेली असते व ती बहुधा पायांवर बसून रक्त शोषते. जनावर सारखे पाय आपटत असेल तर तिचा संशय घ्यावा. ती शेण व मूत्र मिसळलेल्या कुजक्या वैरणीत अंडी घालते. अंड्यापासून माशी होण्यास साधारण तीन आठवडे, उष्ण हवेत त्याहूनही कमी काळ लागतो. म्हणून गव्हाणीखालील ओला कडबा-कुट्टीचा थर दर आठवड्यास काढून पसरून वाळविला तर नवी पिढी तयारच होत नाही. गोचिडाचेही तसेच. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते व भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. जनावरावर औषध फवारले आणि भेगा तशाच ठेवल्या, तर काही दिवसांनी पुन्हा तेवढीच गोचीड आढळून येते. औषधाला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

पाहण्याची पद्धत

शेतकरी जनावर रोज पाहतो, पण नोंदीशिवाय पाहिलेले लक्षात राहत नाही. जीन ऑल्टमन या संशोधिकेने आफ्रिकेतील माकडांचा अभ्यास करताना निरीक्षणाच्या पद्धती तपासून 1974 मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांतील एक आपल्या गोठ्यास तशीच्या तशी लागू पडते. दर दहा मिनिटांनी सर्व जनावरांवर एक नजर टाकावी व प्रत्येकाच्या नावासमोर त्या क्षणी ते काय करते एवढेच लिहावे : उभे, बसलेले, खात आहे, रवंथ करते, पाय आपटते. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलीने सुट्टीच्या दिवशी हे घरी केले तर त्यांचा अभ्यास होतो व घराला माहितीही मिळते.

निरोगी गाय दिवसातून साधारण 10 ते 12 तास बसते व 7 ते 8 तास रवंथ करते. रवंथ एकदम कमी झाल्याचे दिसले तर दूध कमी होण्याची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे. जनावर बसायला टाळत असेल तर आधी जमीन पाहावी. ती ओली, खडबडीत किंवा उतरती असते, अथवा दावे आखूड असते.

उन्हाळ्यातील नोंद

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा 42 अंशांच्या वर जातो. अशा वेळी भकाळीची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावी. श्वास मिनिटाला 60 च्या वर गेले तर जनावर उष्णतेच्या ताणात आहे असे समजावे. तोंड उघडून, लाळ गाळत धाप टाकू लागले तर स्थिती गंभीर असते. म्हशीची कातडी काळी व घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा फारच थोड्या. त्यामुळे तिचे डुंबणे ही शरीर थंड ठेवण्याची गरज आहे, हौस नव्हे. डबके नसेल तेथे दुपारी अंगावर पाणी मारावे.

बैलांबाबत 1965 चे नियम फार थोड्यांना माहीत आहेत. गाडी ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावराकडून दिवसात एकूण 9 तासांपेक्षा व विश्रांतीशिवाय सलग 5 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तापमान 37 अंशांपेक्षा अधिक असेल तेथे दुपारी 12 ते 3 या वेळेत जुंपता येत नाही. टोकदार आर लावलेली पराणीही चालत नाही. नियम गाडी व ओझ्याचा आहे हे खरे, परंतु वखराला जुंपलेल्या बैलाचे शरीर काही वेगळे नसते. उन्हाळी मशागत पहाटे सुरू करून 11 च्या आत सोडावी.

नोंदींसाठी शाळेची जुनी वही पुरते. प्रत्येक जनावरास एक पान द्यावे, त्यावर लसीकरणाची तारीख, माज, विण्याची तारीख व वरील निरीक्षणे लिहावीत आणि पशुवैद्यक गोठ्यावर आले की ती वही त्यांच्या हाती द्यावी.