नवा कॉम्प्युटर, जुना काटा: जोडणीला खर्च किती येतो?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून दुकानं, दूध संकलन केंद्रं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, छोटे छापखाने नवी मशीन घेत आहेत. मशीन आलं की लक्षात येतं, वजनकाट्याची नऊ पिनांची वायर लावायला मागे जागाच नाही. विकणारा सांगतो, काटा जुना झाला, तोही बदला. काटा नीट चालत असेल तर हा सल्ला ऐकू नका. बहुतेक ठिकाणी हे काम काहीशे रुपयांपासून दीड हजारापर्यंतच्या खर्चात होतं. पुढचे भाव किरकोळ बाजारातले, अंदाजे आहेत.

सगळ्यात जास्त अडतं ते सीरियल पोर्टवर, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या कॉम पोर्टवर. काटा, दुधाचं फॅट मोजणारं यंत्र, जुनं बिलिंग मशीन, सगळी यावरच चालतात. हा पोर्ट नव्या बोर्डावर बऱ्याचदा असतो, फक्त मागच्या बाजूला काढलेला नसतो. इंटेल एच६१० चिपसेटच्या अनेक स्वस्त बोर्डांवर खालच्या कडेला नऊ पिनांची छोटी रांग असते आणि शेजारी ‘कॉम’ असं इंग्रजीत छापलेलं असतं. तिथे वायर आणि पट्टी, म्हणजे ब्रॅकेट लावलं की खराखुरा पोर्ट मिळतो. खर्च १०० ते २५० रुपये. मात्र या ब्रॅकेटच्या आतली वायर दोन पद्धतींनी जोडलेली मिळते, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. चुकीची आली तर पोर्ट विंडोजमध्ये दिसतो, पण काट्याचा आकडा येत नाही. बोर्डाच्या पुस्तिकेतला पिनांचा नकाशा दुकानदाराला दाखवूनच ब्रॅकेट घ्या. बोर्ड अजून घ्यायचा असेल तर ही रांग आहे का, हे आधी विचारा. माझ्या मते हाच सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ मार्ग आहे.

लॅपटॉप असेल किंवा बोर्डावर रांग नसेल तर यूएसबी-टू-सीरियल केबल घ्यावी लागते. सीएच३४० चिपची केबल २५० ते ५०० रुपयांत मिळते, एफटीडीआयची चांगली केबल हजार ते दोन हजारांत. एकच काटा असेल तर स्वस्तातली चालते. दोन-तीन यंत्रं जोडायची असतील तर मात्र एफटीडीआय घ्या. तिच्या चिपमध्ये बहुधा स्वतःचा अनुक्रमांक असतो, त्यामुळे केबल दुसऱ्या यूएसबी जागेत लावली तरी कॉम नंबर तोच राहतो. स्वस्त केबलचा नंबर जागा बदलली की बदलू शकतो, आणि सकाळी दूध घालणाऱ्यांची रांग लागलेली असताना सॉफ्टवेअरला काटा सापडत नाही. बरीच जुनी सॉफ्टवेअर कॉम १ ते ४ एवढेच नंबर ओळखतात. विंडोजने ७ नंबर दिला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधून तो बदलता येतो. त्यासाठी कोणाला ५०० रुपये देऊ नका. प्रॉलिफिकच्या जुन्या आणि नकली चिपना नवा ड्रायव्हर नाकारतो, म्हणून न खपता पडून राहिलेली अशी केबल स्वस्त मिळाली तरी नको.

आणखी एक धोका आहे. ५०-१०० रुपयांना मिळणारा उघड्या पिनांचा छोटा यूएसबी मॉड्यूल ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालतो. काट्याच्या सीरियल वायरीत उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. तो थेट जोडला तर मॉड्यूल जळण्याची शक्यता असते, आणि कधी यूएसबी पोर्टलाही इजा होते.

पंचवीस छिद्रांच्या प्रिंटर पोर्टचं गणित वेगळं आहे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडायचा असेल तर ३०० ते ६०० रुपयांची यूएसबी केबल पुरते. त्याआधी प्रिंटरची मागची बाजू बघा. एप्सन एलएक्स-३१० सारख्या मॉडेलला यूएसबी आधीपासून असतं. मात्र पंचवीस छिद्रांच्या पोर्टवर जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे डोंगल, किंवा सीएनसी मशीन चालत असेल तर ही केबल निरुपयोगी आहे; ती फक्त प्रिंटरची भाषा जाणते. तिथे पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड लागतं, ७०० ते १५०० रुपयांचं. तेही शंभर टक्के खात्रीचं नाही, कारण काही जुनी सॉफ्टवेअर पोर्ट ३७८ या ठरलेल्या पत्त्यावरच शोधतात आणि कार्डाला बहुधा वेगळा पत्ता मिळतो. सॉफ्टवेअरमध्ये पत्ता बदलता येतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. लॉक असेल तर सॉफ्टवेअरच्या कंपनीकडे यूएसबी लॉकचीही चौकशी करा.

माउस-कीबोर्डचा गोल पीएस/२ पोर्ट बऱ्याच बोर्डांवर अजून आहे. नसेल तर दोनशे-तीनशेचा कन्व्हर्टर पुरे. जुन्या मॉनिटरसाठीही एचडीएमआय-टू-व्हीजीए तेवढ्यातच येतो.

खरा खर्च पांढऱ्या लांब पीसीआय स्लॉटचा आहे. १९९२ साली आलेला हा स्लॉट इंटेलने २०११ च्या सुमारास साध्या चिपसेटमधून वगळायला सुरुवात केली. यंत्राचं कंट्रोल कार्ड त्यात बसत असेल तर दीड ते तीन हजारांचं पीसीआय एक्सप्रेस-टू-पीसीआय अ‍ॅडॅप्टर चालून जातं, पण प्रत्येक कार्ड त्यावर चालत नाही. नाही चाललं तर औद्योगिक बोर्ड लागतो, आणि त्याची किंमत वीस हजारांच्या पुढे जाऊ शकते. अशा वेळी मी जुनं मशीनच नेटपासून तोडून, त्या एकाच कामाला ठेवीन. त्याचा बॅकअप घ्या आणि एक जास्तीची हार्डडिस्क बाजूला ठेवा.

आणि फॉक्सप्रोसारखं डॉसवरचं सॉफ्टवेअर असेल तर पोर्टआधी त्याची चौकशी करा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यावर १६ बिटचे प्रोग्राम थेट चालत नाहीत.

जुन्या कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, प्रत्येक वायर कुठे जाते ते लिहा आणि तो कागद दुकानात न्या. केबल किंवा कार्ड घेताना पावतीवर ‘काट्याशी न चालल्यास परत’ असं लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला तयार नसेल तर ती वस्तू तिथून घेऊ नका.