‘थारचा टाय रॉड एंड द्या’ : हो म्हणण्याआधी विचारा, कुठली थार?

अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यात स्पेअर पार्टचं छोटं दुकान टाकायचा विचार असेल, तर आजचा धडा तुमच्यासाठी आहे. आपल्याकडे फोर बाय फोर गाड्या वाढल्यात. वाळू, खारं पाणी आणि खड्डे असल्यावर स्टीअरिंगचे पार्ट लवकर झिजतात. म्हणजे मागणी आहे. पण याच मालात चुकीचा पार्ट सगळ्यात सहज दिला जातो. कारण गाडीचं नाव तेच राहतं, आतलं डिझाइन मात्र बदलत जातं.

नाव एक, गाड्या चार

महिंद्रा थारचंच उदाहरण घेऊ. पहिली थार ऑक्टोबर २०१० मध्ये आली. तिच्यातच दोन प्रकार होते. डीआय मॉडेलला पुढे पाटे आणि सरळ आख्खा अ‍ॅक्सल. सीआरडीई मॉडेलला पुढे टॉर्शन बारचं इंडिपेंडंट सस्पेन्शन. म्हणजे साल एकच असलं तरी पुढची बाजू वेगळी!

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि जुनी थार थांबली. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली. तिला पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, सोबत हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग. मग १५ ऑगस्ट २०२४ ला पाच दरवाज्यांची थार रॉक्स आली, तिला इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग.

आता सांगा, काउंटरवर कोणी नुसतं ‘थारचा पार्ट द्या’ म्हणालं, तर तुम्ही काय काढून देणार?

सस्पेन्शन बदललं की स्टीअरिंग का बदलतं?

हे समजलं की पाठांतर लागत नाही. आख्ख्या अ‍ॅक्सलवर दोन्ही चाकं एकाच दांड्याला धरलेली असतात. त्यामुळे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच लांब टाय रॉड चालतो, आणि स्टीअरिंग बॉक्सकडून येणारी ड्रॅग लिंक त्याला ढकलते.

इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं. तिथे एकच लांब रॉड लावला, तर एक चाक खड्ड्यात गेल्यावर रॉड ओढला जाईल आणि गाडी आपोआप वळायला बघेल. म्हणून दोन्ही बाजूंना आखूड रॉड देतात. बऱ्याच गाड्यांत ते मधल्या रॅकला जोडलेले असतात. रॉडची लांबी बदलली, कोन बदलला, की बॉल जॉइंटही बदलला.

हायड्रॉलिकवरून इलेक्ट्रिकवर गेल्यावर पंप, होज आणि तेल हे तिन्ही गेले; त्यांच्या जागी मोटर, सेन्सर आणि वायरिंग आलं. म्हणजे पॉवर स्टीअरिंगच्या होजचा जो माल तुम्ही थारसाठी भराल, तो रॉक्सला विकला जाणार नाही.

पण ‘नवी गाडी म्हणजे सगळंच नवं’ असंही समजू नका. मारुतीच्या जिप्सीला पाटे होते. जून २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीला कॉइल स्प्रिंग आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग आहे, तरी पुढचा अ‍ॅक्सल आख्खाच ठेवलाय. अंदाज नको, तपासा.

‘बसतो’ आणि ‘बरोबर बसतो’ यात फरक आहे

टाय रॉड एंडच्या बोल्टला निमुळता उतार असतो, त्याला टेपर म्हणतात. हा टेपर चाकाकडच्या भोकात पूर्ण टेकायला हवा. वेगळ्या मॉडेलचा पार्ट कधी कधी भोकात जातो, नटही आवळला जातो, पण तो फक्त कडेवर टेकलेला असतो. गाडी चालली की तो हलतो, भोक झिजतं, जॉइंट ढिला होतो. वळणावर हा जॉइंट निसटला, तर स्टीअरिंग हातात असूनही चाक ऐकत नाही. गाडीत माणसं बसलेली असतात, हे विसरू नका. मिस्त्री ‘चालवून घेतो’ म्हणाला तरी तुम्ही देऊ नका.

काउंटरवर विचारायच्या पाच गोष्टी

१. चॅसिस नंबर. तो १७ अक्षरांचा असतो. बहुतेक कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर सालाचं असतं : के म्हणजे २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४, एस २०२५. एमएच-०६ वरून साल कळत नाही.

२. आरसी बुकावरचा उत्पादनाचा महिना. नोंदणीची तारीख त्याच्या नंतरची असते. ‘२०२० ची थार’ जुनीही असू शकते, नवीही.

३. मॉडेलचा प्रकार, आणि पॉवर स्टीअरिंग कुठलं.

४. बाजू आणि जागा : डावी की उजवी, आतला की बाहेरचा.

५. जुना पार्ट. त्याच्यावरचा नंबर वाचा, लांबी, आटे आणि टेपर शेजारी धरून बघा. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी कंपनीच्या कॅटलॉगमध्ये जुळवा, मगच द्या.

पार्ट देताना व्हील अलाइनमेंट करून घ्यायला सांगा, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ला जाईल आणि दोष तुमच्या पार्टवर येईल.

आता हिशोब

समजा एक पार्ट ₹७५० ला घेतला, ₹९०० ला विकला. नफा ₹१५०. चुकीचा गेला, वापरून परत आला आणि होलसेलवाल्याने घेतला नाही, तर ₹७५० गेले. म्हणजे पाच बरोबर विक्रींचा नफा एका चुकीत साफ! वर गिऱ्हाईक गेलं ते वेगळंच.

म्हणून सुरुवातीला प्रत्येक मॉडेलचा माल भरू नका. आपल्या भागातले गॅरेजवाले कुठल्या सालच्या गाड्या जास्त उघडतात ते विचारा, तेवढाच माल ठेवा, बाकी ऑर्डरवर मागवा. बॉक्सवर फक्त ‘थार’ लिहू नका. पार्ट नंबर, साल, प्रकार आणि बाजू लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ : जवळच्या तीन गॅरेजमध्ये जा. तिथे आलेल्या दहा गाड्यांचं मॉडेल, चॅसिस नंबरातलं दहावं अक्षर आणि स्टीअरिंगचा प्रकार वहीत उतरवा. तुमच्या दुकानाची पहिली खरेदी यादी त्याच वहीतून तयार होईल.