पावसाचे माप : शाळेच्या अंगणातील एक पाठ

आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेला आहे. एका गावी सरी कोसळाव्यात आणि शेजारचे शिवार कोरडे राहावे, हा येथील नेहमीचा अनुभव. म्हणून हवामानाचा पाठ केवळ पुस्तकातून न सांगता मुलांच्या हातून करवून घ्यावा.

पहिली-दुसरीच्या मुलांनी रोज आभाळ पाहून तक्त्यावर सूर्य, ढग वा पाऊस यांचे चित्र काढावे. तिसरी-चौथीच्या मुलांनी पाऊस मोजावा. सपाट तळाची, सरळ कडांची, रुंद तोंडाची काचेची बरणी झाडे व भिंती यांपासून दूर ठेवावी. वेधशाळेच्या रीतीप्रमाणे सकाळी साडेआठ वाजता पाण्याची उंची पट्टीने मोजून नोंदवावी व बरणी रिकामी करावी.

मिलिमीटर हा शब्द पोकळ वाटू नये, यासाठी अंगणात एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखावा. २० मि.मी. पाऊस म्हणजे एवढ्या जागेवर २० लिटर पाणी, हे घागरीने मोजून दाखवावे. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मि.मी.हून अधिक नोंद झाली, की शासनदरबारी ती अतिवृष्टी ठरते. घरोघरी ज्याची चर्चा होते, त्या आकड्याचा अर्थ मुलास कळलाच पाहिजे.

सुटीमुळे मोजणी राहिल्यास शून्य लिहू नये. ‘नोंद नाही’ असे लिहावे. दुसऱ्या दिवशी बरणीत दोन दिवसांचे पाणी असेल, तर तसाच उल्लेख करावा. जे पाहिले तेवढेच लिहिण्याची ही सवय मुलांस जन्मभर उपयोगी पडेल.